आठ तास की चोवीस तास?

तीनेक वर्षांपूर्वीची गोष्ट. माझी भाची तेव्हा सात महिन्यांची होती. सर्दी नाही, खोकला नाही, पण ताप काही उतरेना. शेवटी लघवी तपासली आणि किडनीत इन्फेक्शन निघालं. ॲडमिट केल्यावर जेन्टामायसिन सुरू झालं, तेही दिवसातून एकच इंजेक्शन! आई वैतागली. "मला टायफॉइड झाला होता तेव्हा दर सहा तासांनी गोळी असायची. या एवढ्याशा जिवाला एकदाच?" डॉक्टर हसून म्हणाले, "आजी, हे 'एकदाच' ठरवायला बरीच वर्षं लागलीत." ते वाक्य डोक्यात राहिलं. त्याचा हा शोध.

लहान मुलांचा डोस काढायची जुनी पद्धत आपल्या प्रोग्रामरांना आवडेल अशी. प्रकाशाच्या लहरींसाठी आपण शाळेत ज्याचं नाव शिकलो, त्याच थॉमस यंगचं सूत्र होतं: वयाला (वय + १२) ने भागा. म्हणजे चार वर्षांच्या मुलाला पाव डोस. थोडक्यात काय, तर मोठ्या माणसाला झूम आउट केलं की झालं मूल! यात 'किती' आहे, पण 'किती वेळाने' याचा पत्ताच नाही.

या गफलतीची किंमत कळली ती १९५९ साली. लॉस एंजेलिसमधल्या डॉक्टरांनी अपुऱ्या दिवसांच्या बाळांची आकडेवारी मांडली. इन्फेक्शन होऊ नये म्हणून ज्यांना क्लोरॅम्फेनिकॉल दिलं होतं (आईची ती टायफॉइडची गोळी बहुधा हीच), त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण बाकीच्यांच्या साधारण तिप्पट होतं. बाळं राखाडी पडायची आणि जायची. कारण नवजात बाळाचं लिव्हर हे औषध नीट निकामी करू शकत नाही. आधीचा डोस अंगात असतानाच पुढचा पडत होता. बफर रिकामा व्हायच्या आत पुन्हा भरत राहावं, तसं.

तिथे प्रश्न लिव्हरचा होता. १९६३ साली जेन्टामायसिन आलं आणि तोच प्रश्न किडनीचा झाला. हे औषध जसंच्या तसं लघवीतून बाहेर पडतं. त्यामुळे किडनीच्या इन्फेक्शनवर ते छान, पण साचलं तर किडनीला आणि कानाला घातक. म्हणजे जो अवयव आजारी, तोच औषधाचा दरवाजा! आणि बाळाची किडनी पूर्ण ताकदीने चालायला वर्ष-दोन वर्षं लागतात.

सुरुवातीला मोठ्यांना हे दर आठ तासांनी देत. मग लक्षात आलं की हे औषध जंतू मारतं ते पातळी उंच गेली की, आणि खाली आल्यावरही जंतू काही काळ डोकं वर काढत नाहीत. शिवाय किडनीच्या पेशी एका वेळी ठरावीकच औषध शोषतात. म्हणजे एकदाच मोठा डोस आणि मग लांब विश्रांती, यात जंतूंचं नुकसान जास्त आणि किडनीचं कमी. १९९५ साली हार्टफर्डच्या हॉस्पिटलने २१८४ मोठ्या रुग्णांचा असा अनुभव छापला. लहान मुलांतही हळूहळू हीच पद्धत रुळली. अगदी नवजात बाळात तर दोन डोसांमधलं अंतर कधी चोवीस तासांहूनही जास्त ठेवतात.

१९९९ साली अमेरिकेतच आणखी एक पायरी चढली गेली. १ ते २४ महिन्यांच्या ३०६ तापकरी मुलांपैकी निम्म्यांना पहिले तीन दिवस शिरेतून औषध दिलं, बाकीच्यांना पहिल्या दिवसापासून तोंडाने सेफिक्झिम. दोन्हीकडे लघवी चोवीस तासांत जंतुमुक्त झाली आणि किडनीवरच्या व्रणांतही फारसा फरक नव्हता. अर्थात फारच लहान किंवा उलट्या करणाऱ्या बाळाला अजूनही सुईच लागते.

भाची आता बालवाडीत जाते. पण परवा माझ्या चुलतभावाने मोठ्या मुलाची उरलेली बाटली 'अर्धा चमचा' करून धाकट्याला द्यायला काढली, तेव्हा आईच म्हणाली, "ठेव खाली. बाळ म्हणजे छोटा माणूस नव्हे."

मी गप्प बसलो. माझा अख्खा लेख तिने एका वाक्यात संपवला होता...