घाटाचा राजा: मुंबई-पुणे सायकल शर्यत आणि तिचा रस्ता

सायकल शर्यतींच्या इतिहासात विजेत्यांची नावे उरतात, रस्त्याचे नाव क्वचितच कोणी घेते. एका दिवसाच्या शर्यतीत मात्र निम्मा निकाल रस्ताच लावतो.

७ नोव्हेंबर १८६९ रोजी पॅरिस ते रुआँ अशी शर्यत झाली. १२३ किलोमीटरांचे ते अंतर जेम्स मूर याने साडेदहा तासांहून अधिक वेळात कापले. १८९६ मध्ये पॅरिस-रुबे सुरू झाली. तिची कीर्ती टिकली ती ओबडधोबड दगडी फरसबंदीमुळे. विजेत्याला आज चषक म्हणून तसाच एक दगड देतात!

आपल्याकडे त्या फरसबंदीचा मान बोरघाटाला आहे.

वर्ध्याहून सेवाग्रामला सायकलने गेलेल्यास सपाट रस्त्याचा खरा शत्रू ठाऊक असतो : समोरचा वारा. घोळक्यात पुढचा स्वार वारा अंगावर घेतो आणि मागच्याचे श्रम वाचतात. त्यामुळे सपाटीवर बलवान आणि बेताचे स्वार बराच काळ एकत्र राहतात. मुंबई-पुणे शर्यतीत हा सलोखा खोपोलीला मोडतो. तेथून खंडाळ्यापर्यंत दहा-बारा किलोमीटरांत सुमारे पाचशे मीटर चढायचे असते. वेग मंदावला की आडोशाचा उपयोग उरत नाही. ज्याचे वजन, ज्याची फुप्फुसे, त्याचे त्याला.

म्हणूनच घाट प्रथम सर करणाऱ्यास ‘घाटाचा राजा’ हा वेगळा किताब. शर्यतीच्या पोटातली ही दुसरी शर्यतच. पण राजाला पुणे जिंकता येईलच असे नाही. खंडाळ्यानंतर साठाहून अधिक किलोमीटर उरतात आणि तेथे वारा पुन्हा पाठलाग करणाऱ्या घोळक्याच्या बाजूने उभा राहतो. माझ्या मते या शर्यतीचे सारे नाट्य याच विसंगतीत आहे.

हा चढ खेळाडूंसाठी आखलेला नव्हता. १० नोव्हेंबर १८३० रोजी गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी घाटरस्ता खुला केला, तो गाड्यांच्या वाहतुकीसाठी. याच वाटेवर शिंग्रोबाचे देऊळ आहे. इंग्रजांना घाटातली वाट दाखवणारा हा धनगर, आणि काम झाल्यावर त्याचाच जीव घेतला, असे लोककथा सांगते. पुढे १८६३ मध्ये रेल्वेही घाट चढली.

युरोपातील व्यावसायिक स्वार संघाच्या वेतनावर जगतो. आपल्याकडे अशा शर्यतींतील अनेक नामवंतांना आधार मिळाला तो रेल्वे किंवा सेनादलाच्या नोकरीचा. पगार नोकरीचा आणि घाम घाटाचा, असा तो हिशेब.

पॅरिस-रुबेचे जुने दगड जपण्यासाठी तेथे शर्यतप्रेमींची संस्था राबते. बोरघाटातला १८३० चा अमृतांजन पूल एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीत द्रुतगती मार्ग रिकामा असताना, सुरुंग लावून पाडण्यात आला.