ज्यानं पाहिलं, त्याला कळलं नाही

बर्लिन, १८६९

खिडकीजवळची जागा धरा. विजेचे दिवे अजून यायचेत. सूक्ष्मदर्शकाखालचा आरसा फिरवून आभाळाचा उजेड काचेवर घ्यावा लागतो. शेजारचा पोरगा २१ वर्षांचा, वैद्यकाचा विद्यार्थी. नाव पाउल लँगरहॅन्स. प्रबंधाचा विषय आहे स्वादुपिंड. बशीत सशाचं स्वादुपिंड म्युलरच्या द्रावात दोन-तीन दिवस मुरत पडलंय. द्रावात बायक्रोमेट असल्यानं सगळंच पिवळटलंय, पण नीट निरखलंत तर त्यात गडद पिवळे ठिपके साध्या डोळ्यांनाही दिसतील. चिमट्यानं एक ठिपका सोडवा, काचेवर ठेवा, नळी हळूच खाली आणा. आजूबाजूच्या पेशी दाण्यांनी गच्च भरलेल्या. मधोमध मात्र एक वेगळाच पुंजका: लहान, बहुकोनी, स्वच्छ पेशी एकमेकींना खेटून बसलेल्या. रुंदी ०.१ ते ०.२४ मिलिमीटर, मोजमाप त्याचंच.

ह्या पेशी कशासाठी, हे त्याला सांगता येत नाही, आणि प्रबंधात तो तसं सरळ कबूल करतो. तुम्हाला मात्र उत्तर ठाऊक आहे. कदाचित तुमच्याच फ्रिजच्या दारात ते पेनात भरून ठेवलेलं असेल. तरी गप्प बसा. या मुलाला 'इन्सुलिन' हा शब्दही कळणार नाही.

स्ट्रासबुर्ग, १८८९

लँगरहॅन्स आदल्याच वर्षी मदेरात वारला, वयाच्या अवघ्या ४० व्या वर्षी. इथे ऑस्कर मिंकोव्स्की आणि योसेफ फॉन मेरिंग यांच्यात चरबीच्या पचनावरून चर्चा झालीय, म्हणून एका कुत्र्याचं स्वादुपिंड काढून टाकलंय. कुत्रा शस्त्रक्रियेतून वाचला, पण शिस्त लागलेलं जनावर आता जागोजागी लघवी करतंय. मिंकोव्स्की ती लघवी तपासतो. साखर!

मधुमेहाचा धागा स्वादुपिंडात आहे, हे आज इथे कळलं. पण अख्खा अवयवच काढल्यामुळे त्यातलं नेमकं काय गेलं, ते कुणाला दिसलं नाही. चार वर्षांनी फ्रान्समध्ये गुस्ताव्ह लागेस त्या पुंजक्यांना 'लँगरहॅन्सची बेटं' असं नाव देईल आणि ते रक्तात काहीतरी सोडत असावेत, असा तर्क करेल. ते 'काहीतरी', म्हणजे इन्सुलिन, १९२२ च्या जानेवारीत टोरंटोतल्या एका मुलाला टोचलं जाईल. तिथे थांबायला नको. ती गोष्ट तुम्ही ऐकलेली आहे.

ब्रुसेल्स, १९६५

विली गेप्ट्सच्या टेबलावर स्वादुपिंडाच्या रंगवलेल्या कापांच्या काचा आहेत. काचा ज्यांच्या, ते २२ रुग्ण मधुमेह सुरू झाल्यावर थोड्याच काळात दगावले, बहुतेक तरुण. एक काच लावा. बेट सापडलं, पण त्याच्या कडेनं बारीक गडद ठिपक्यांची झुंबड उडालीय. त्या पांढऱ्या रक्तपेशी. शरीराचं स्वतःचंच सैन्य बेटावर चाल करून आलंय. २२ पैकी १५ जणांत हेच दृश्य. इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी नेहमीच्या दहा टक्केही उरलेल्या नाहीत.

हल्ला रंगेहाथ पकडला गेला, पण रुग्ण गेल्यावर. पेशी बघायच्या तर अवयव बाहेर काढायचा, हीच १८६९ पासूनची रीत. जिवंत माणसाच्या पोटात, जठराच्या मागे दडलेल्या स्वादुपिंडात डोकावणार कसं? त्यात साधारण दहा लाख बेटं, पण सगळी मिळून अवयवाच्या वजनाचा एक-दोन टक्केच.

स्टॉकहोम, २००८

कॅरोलिन्स्का संस्थेत आता तुमच्यासमोर बेशुद्ध उंदीर आहे. सूक्ष्मदर्शक रोखलाय त्याच्या डोळ्यावर. पेर-ऊलोफ बेर्गग्रेन यांच्या गटानं दुसऱ्या उंदराची बेटं या डोळ्याच्या पुढच्या कप्प्यात, बुबुळावर रुजवलीत. पारदर्शक पटल झालं खिडकी. लेसर आत जातो आणि पडद्यावर एक गोलसर बेट उमटतं, रक्तवाहिन्यांच्या जाळ्यात गुरफटलेलं. त्या वाहिन्यांतून रक्त वाहतंय! पुढच्या आठवड्यात या. हेच बेट, याच जागी, पुन्हा बघता येईल.

नाइमेखेन, २०१४

या वेळी टेबलावर माणूस झोपलाय. गिला मॉन्स्टर नावाच्या विषारी सरड्याच्या लाळेत एक्सेंडिन सापडलं होतं. बीटा पेशींवरच्या एका ग्राहीला ते घट्ट चिकटतं. त्याला किरणोत्सारी इंडियम जोडून शिरेतून दिलंय. प्रतिमेत आधी मूत्रपिंडंच डोळ्यांत भरतात, कारण बराचसा माल तिथेच अडकतो. स्वादुपिंडाची चमक शेजारी शोधावी लागते. टाइप १ मधुमेहाच्या रुग्णांत, म्हणजे ज्यांच्या बेटांवर तसाच हल्ला झालाय त्यांच्यात, ती स्पष्टपणे मंद आहे. सुटं बेट मात्र दिसत नाही. ते मिलिमीटरचा अंश आणि कॅमेऱ्याची नजर त्याहून कितीतरी ढोबळ.

एवढा आटापिटा कशाला, असं वाटेल. इन्सुलिनबरोबरच पेशीतून बाहेर पडणारं सी-पेप्टाइड रक्तात मोजतातच की. पण त्यावरून गिरणीतून किती कापड निघालं एवढंच कळतं. आत किती कामगार उरलेत आणि किती संपावर बसलेत, ते नाही. मेलेल्या पेशीला औषध उपयोगाचं नाही, थकलेली मात्र पुन्हा कामाला लागू शकते. म्हणूनच नवं औषध हल्ला थोपवतंय की उरलेल्या पेशींनाच जास्त राबवतंय, हे ठरवायला जिवंत माणसातल्या पेशींची मोजदाद हवी. तुमच्या फाइलमधल्या, सरासरी साखर सांगणाऱ्या एचबीए१सीच्या आकड्यांत ती मोजदाद नाही.