दोन ईस्टर आणि एक तह

मराठी वाचकाला ख्रिस्ती सणांपैकी एक सण तारखेनिशी पाठ असतो, तो म्हणजे नाताळ. हा शब्द आपण पोर्तुगिजांकडून घेतला. लॅटिनमधल्या 'जन्मदिवस' या अर्थाच्या शब्दापासून पोर्तुगिजांचा 'नाताल' झाला आणि कोकण किनाऱ्यावर उतरून तो 'नाताळ' झाला. पण ख्रिस्ती वर्षाचा कणा नाताळ नाही, तो आहे ईस्टर. नाताळ दरवर्षी २५ डिसेंबरलाच येतो. ईस्टर मात्र कधी मार्चात, कधी एप्रिलात येतो, आणि त्याच्याबरोबर वर्षाचा एक मोठा तुकडा मागेपुढे सरकतो. याचे कारण साधे आहे. नाताळ सूर्याच्या हिशेबाने चालतो, ईस्टर चंद्राच्या.

ज्यांच्या घरी भिंतीवर पंचांगी दिनदर्शिका टांगलेली असते त्यांना हे समजायला जड जाऊ नये. येशूचे मरण आणि पुनरुत्थान यहुद्यांच्या वल्हांडण सणाच्या सुमारास घडले, आणि वल्हांडण पौर्णिमेला बांधलेला. इसवी सन ३२५ मध्ये नायसियाच्या परिषदेने सर्व ख्रिस्ती मंडळींनी ईस्टर एकाच दिवशी पाळावा असे ठरवले. पुढे नियम पक्का झाला तो असा : २१ मार्च हा वसंतसंपात धरायचा, त्या दिवशी किंवा त्यानंतर येणारी पहिली पौर्णिमा पाहायची आणि तिच्या पुढचा रविवार तो ईस्टर. म्हणून ईस्टर २२ मार्चच्या आधी येत नाही आणि २५ एप्रिलच्या पुढे जात नाही. ही पौर्णिमा आकाशात बघून ठरवत नाहीत, ती कोष्टकातून काढतात. त्या कोष्टकाचा पाया एकोणीस वर्षांचे चक्र हा आहे. एकोणीस सौर वर्षांत २३५ चांद्रमास जवळजवळ नेमके बसतात. आपल्या पंचांगात एकोणीस वर्षांत साधारण सात अधिक मास येतात ते याच गणिताने. रोमच्या पाद्र्यांनी आणि आपल्या जोशीबुवांनी एकच कोडे सोडवले. आपण महिना वाढवला, त्यांनी सण सरकवला.

ईस्टर ठरला की बाकीची साखळी आपोआप लागते. त्याच्या ४६ दिवस आधी राखेचा बुधवार येतो. मधले सहा रविवार उपवासाचे नसल्यामुळे ते वगळायचे, म्हणजे चाळीस दिवसांचा उपवासकाळ भरतो. ईस्टरपासून चाळिसाव्या दिवशी, गुरुवारी, स्वर्गारोहण. पन्नासाव्या दिवशी, रविवारी, पवित्र आत्म्याच्या आगमनाचा पेंटेकॉस्ट. या शिवाय वर्षातून चार वेळा एका आठवड्यातले बुधवार, शुक्रवार आणि शनिवार उपवासाचे असत. लॅटिनमध्ये त्यांना 'चार ऋतू' म्हणत, पोर्तुगिजांनी त्याचे 'तेंपोरास' केले. जपानी लोक मासळी आणि भाज्या पिठात घोळवून तळतात त्या 'तेंपुरा'चे नाव याच मांसवर्ज्य दिवसांवरून पडले, अशी एक व्युत्पत्ती प्रचलित आहे. मोठ्या सणांच्या आदल्या दिवशीही उपवास असे. आधी पोट रिकामे, मग सण, हा जुना क्रम होता.

उपवास म्हणजे काय याचे उत्तर मराठीत एका शब्दात देता येते : एकभुक्त. दिवसातून एकदा पोटभर जेवायचे. पूर्वी हे जेवण सूर्यास्ताच्या प्रार्थनेनंतर असे, मग ते दिवसाच्या नवव्या प्रहरघटिकेला, म्हणजे दुपारी तीनच्या सुमारास होऊ लागले. भुकेने ती वेळ हळूहळू आणखी अलीकडे ओढली. इंग्रजीत माध्यान्हीला 'नून' म्हणतात तो शब्द मूळचा 'नववा' या अर्थाचा. तीन वाजताची प्रार्थना बाराला सरकली आणि आपले नाव बरोबर घेऊन आली.

कोकणातल्या माणसाला मात्र या उपवासात एक गोष्ट खटकते. आपल्याकडे सोमवारी किंवा संकष्टीला आधी मासळी बंद होते; कॅथलिक घरात शुक्रवारी नेमकी मासळीच शिजते. वर्ज्य होते ते जमिनीवरच्या पशुपक्ष्यांचे मांस. उपवासकाळात अंडी, दूध आणि लोणीही वर्ज्य असे, म्हणून चाळीस दिवस साठलेली अंडी ईस्टरच्या ताटात आली. ज्या मुलखात ऑलिव्हचे तेल पिकत नाही तिथे लोण्यावाचून स्वयंपाक करायचा कसा हा खरा प्रश्न होता. मग दानाच्या बदल्यात सवलत मिळू लागली. फ्रान्समधल्या रुआं शहरातील कॅथेड्रलचा एक मनोरा आजही 'लोण्याचा मनोरा' म्हणून ओळखला जातो, कारण पंधराव्या शतकाच्या अखेरीस सुरू झालेले त्याचे बांधकाम अशा सवलतींच्या पैशांतून झाले असे सांगतात.

ताटातला हा नियम पुढे राजकारणात शिरला. १५२२ च्या उपवासकाळात झुरिकमधल्या एका छापखानदाराच्या घरी काही मंडळींनी उघडपणे सॉसेज खाल्ले. धर्मोपदेशक झ्विंग्ली तिथे हजर होता. त्याने स्वतः खाल्ले नाही, पण खाणाऱ्यांची बाजू घेतली आणि स्वित्झर्लंडमधील धर्मसुधारणेला तोंड फुटले. उलट इंग्लंडने रोमशी नाते तोडले तरी मासळीचे दिवस सोडले नाहीत. १५६३ मध्ये एलिझाबेथ राणीच्या पार्लमेंटने शुक्रवार-शनिवारच्या जोडीला बुधवारही मासळीचा केला. कारण पुण्याचे नव्हते. कोळ्यांचा धंदा टिकला तर आरमाराला खलाशी मिळतील, हा तो हिशेब होता.

इकडे गणितात खोट वाढत होती. ज्युलियस सीझरचे वर्ष खऱ्या सौर वर्षाहून सुमारे अकरा मिनिटांनी मोठे होते. एवढ्याशा फरकाने सुमारे १२८ वर्षांत एक दिवस चुकतो. सोळाव्या शतकापर्यंत वसंतसंपात २१ मार्चऐवजी ११ मार्चच्या आसपास येऊ लागला होता. शेतकऱ्याला किंवा व्यापाऱ्याला त्याचे फारसे सोयरसुतक नव्हते. अडचण ईस्टरची होती, कारण संपात चुकला की पौर्णिमा चुकते आणि पौर्णिमा चुकली की सारे उपवास चुकतात. म्हणजे आज जगभर चालणारी दिनदर्शिका जन्माला आली ती एका सणाची तिथी दुरुस्त करण्यासाठी. लुइजी लिलिओ या वैद्याने तिचा आराखडा केला, क्लाव्हिउस या जेझुइट गणित्याने तो तडीस नेला आणि तेराव्या ग्रेगरी पोपने फेब्रुवारी १५८२ मध्ये फर्मान काढले. त्या वर्षी गुरुवार ४ ऑक्टोबरनंतर शुक्रवार १५ ऑक्टोबर उजाडला. आविलाची संत तेरेसा त्याच रात्री वारली. म्हणून तिचा सण ५ तारखेला नाही, १५ तारखेला येतो.

पोर्तुगालने हा बदल लगेच स्वीकारला. फादर थॉमस स्टीफन्स तेव्हा गोव्याला येऊन तीन वर्षे झाली होती. त्यांचे 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये रायतूरला छापले गेले. जुनी पुराणे बंद केलीत तर त्यांच्या जागी आम्हाला दुसरे पुराण द्या, अशी नवख्रिस्ती लोकांची मागणी ग्रंथाच्या आरंभीच येते. ती मागणी मला या विषयाच्या मुळाशी जाणारी वाटते. धर्मांतर झाले की माणसाचा देव बदलतो तसे त्याचे वर्षही बदलते. एकादशी गेली, शुक्रवार आला. रिकाम्या झालेल्या दिवसांत काय ऐकायचे, काय खायचे, हे त्याला नव्याने शिकावे लागते.

आणि युरोपातून आलेले सण इथल्या पावसात भिजून निराळे झाले. २४ जूनचा संत जॉनचा सण तिकडे ऐन उन्हाळ्यातला, शेकोट्या पेटवण्याचा. गोव्यात त्या दिवशी विहिरी तुडुंब असतात, म्हणून 'सांजांव'ला लोक विहिरीत उड्या मारतात. ५ ऑगस्ट हा 'हिमाच्या मातेचा' दिवस. रोममध्ये भर उन्हाळ्यात बर्फ पडल्याच्या आख्यायिकेवरून आलेला. साष्टीतल्या राय गावच्या चर्चमध्ये याच दिवशी भाताच्या नव्या कणसांना आशीर्वाद मिळतो. बर्फ कुणी पाहिला नव्हता, पण कणसे दारात होती.

आता वसईकडे वळतो. मराठ्यांनी वसईला वेढा घातला तो फेब्रुवारी १७३९ मध्ये, तह झाला १६ मे रोजी आणि २३ मे रोजी किल्ला चिमाजी अप्पांच्या ताब्यात आला. शाळेपासून आपण हा इतिहास मोहिमेच्या कालक्रमाने वाचतो. किल्ल्याच्या आतल्या माणसांचे त्या वर्षीचे पंचांग कसे होते, हे मी ईस्टरचे गणित मांडून काढले. १७३९ चा ईस्टर ग्रेगरीच्या पद्धतीने २९ मार्चला येतो. म्हणजे राखेचा बुधवार ११ फेब्रुवारीला. वेढा आणि उपवासकाळ जवळजवळ एकदमच सुरू झाले. पेंटेकॉस्ट येतो रविवार १७ मे रोजी. तहाचा दिवस, शनिवार १६ मे, हा त्या मोठ्या सणाच्या आदल्या दिवशीचा, उपवासाचा. पुढचा शनिवार २३ मे हा 'तेंपोरास'चा, तोही उपवासाचाच. चर्चच्या वर्षातला सर्वांत आनंदाचा आठवडा वसईच्या पोर्तुगिजांनी सामान बांधण्यात घालवला. किल्ला सुटला तो त्यांच्या पंचांगातल्या एका उपवासाच्या दिवशी.

बाहेर छावणीत त्या वेळी शके १६६१ चा वैशाख चालू होता आणि मराठ्यांच्या दप्तरात सुहूर सन ११३९. तिसरे पंचांग खाडीपलीकडे मुंबईत होते. इंग्रजांनी पोपची दुरुस्ती मानली नव्हती. ती त्यांनी १७५२ मध्ये मानली. तोवर फरक अकरा दिवसांचा झाला होता. त्यामुळे वसईचा १६ मे हा मुंबईचा ५ मे. जुन्या पद्धतीने १७३९ चा इंग्रजी ईस्टर २२ एप्रिलला, म्हणजे वसईच्या तारखेने ३ मे रोजी येतो. मुंबईतल्या सेंट थॉमस चर्चचा ईस्टर वसईच्या ईस्टरनंतर पाच आठवड्यांनी झाला. त्यातही इंग्रजांचे कायदेशीर वर्ष २५ मार्चला, मरियेला देवदूताने दिलेल्या संदेशाच्या सणाला, सुरू होई. म्हणून वेढ्याच्या आरंभीचा फेब्रुवारी त्यांच्या हिशेबी अजून १७३८ चाच होता. हे ध्यानात न घेता पोर्तुगीज आणि इंग्रजी कागद शेजारी ठेवले, तर एकाच घटनेच्या दोन घटना होतात आणि बातमी घटनेच्या आधी पोचलेली दिसते. वसई मोहिमेच्या तारखांत जे घोटाळे आढळतात त्यांची उकल करताना अभ्यासकाने पहिल्यांदा हे गणित करावे असे मला वाटते.

दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. पोर्तुगीज गेले, पण वसईच्या परिसरातले ख्रिस्ती शेतकरी आणि कोळी कुठेच गेले नाहीत. त्यांची बोली मराठीची आणि शेत आपल्याच पावसावरचे. सत्ता बदलली तरी राखेचा बुधवार येत राहिला. राज्याच्या आधाराशिवाय लोकांनी जपलेले ते वर्ष मराठी इतिहासाचाच भाग आहे. 'पोर्तुगिजांचे सण' म्हणून ते बाजूला काढता येत नाही.

हे वर्ष बदलत मात्र राहिले, आणि बदलवले ते चर्चनेच. काम बंद ठेवून पाळायचे सण इतके झाले होते की गरिबांची मजुरी बुडू लागली. आठव्या अर्बन पोपने १६४२ मध्ये त्यांची संख्या छत्तीसच्या आसपास आणली. १९११ मध्ये दहाव्या पायसने ती आठांवर आणली, पुढच्या संहितेने दहा केली. १९६६ मध्ये सहाव्या पॉलने सक्तीचे उपवास दोनच ठेवले, राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे. १९७० पासून लागू झालेल्या नव्या दिनदर्शिकेत उपवासकाळाआधीचे तीन तयारीचे रविवार गेले, संत ख्रिस्तोफरसारखे लोकप्रिय संत सर्वसाधारण यादीतून वगळले गेले आणि 'तेंपोरास' ठरवणे त्या त्या देशाच्या बिशपांवर सोपवले गेले. हेतू असा की, नियमाने उपाशी राहण्यापेक्षा माणसाने आपल्या मनाने काही सोडावे.

हा हेतू रास्त आहे. तरी एक गोष्ट त्यात हरवली. सगळ्या गावाने एकाच दिवशी अर्धपोटी राहण्यात एक समता होती, ती ज्याने त्याने आपल्या मनाने सोडलेल्या चहात किंवा मिठाईत येत नाही. आषाढी एकादशीला ज्याच्या घरी चूल पेटत नाही त्याला हे सांगायला नको. वसईत, उत्तनला, वांद्र्याला आणि साष्टीत अजून अशी वडीलधारी माणसे आहेत ज्यांना पेंटेकॉस्टच्या आदल्या दिवशी घरात काय शिजत असे, काय शिजत नसे, हे आठवते. त्या आठवणी कुठल्याच फर्मानात नाहीत. त्या आता नोंदवून घेतल्या नाहीत, तर उरतील फक्त कोष्टके. आणि कोष्टकावरून तिथी काढता येते, त्या दिवशीचे ताट नाही.