ऋतुसमाप्तीची बखर

राजांच्या बखरी झाल्या, लढायांच्या झाल्या. पण घरातल्या बाईच्या पन्नाशीची बखर माझ्या तरी पाहण्यात नाही. वास्तविक ही घटना घरोघर घडते. सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस वर्षांची गृहिणी, जन्मभर शांत म्हणून नावाजलेली. ती एके दिवशी चकलीचे पीठ सैल झाले एवढ्यावरून रडू लागते, रात्री दोन वाजता घामाघूम होऊन उठून बसते, आणि मुले एकमेकांकडे पाहतात, ‘आईला अलीकडे झालंय तरी काय?’ दिवाळी अंकात हा विषय कशाला, असे कुणी म्हणेल. मी म्हणते, दिवाळी अंक घरातले सगळे वाचतात, म्हणूनच इथे.

आपल्याकडच्या जुन्या वैद्यांना ही अवस्था ठाऊक होती. सुश्रुतसंहितेत ऋतुप्राप्तीचे वय १२ आणि ऋतुसमाप्तीचे ५० असे दिले आहे. पण तिथे हा स्वतंत्र रोग मानलेला नाही. केस पिकावेत तसा तो वयाचा धर्म.

तिला डॉक्टरी नाव मिळाले ते फ्रान्समध्ये. गार्दान नावाच्या वैद्याने १८२१ साली आपल्या पुस्तकाच्या मथळ्यात ‘मेनोपॉज’ हा शब्द घातला. नाव मिळाले की नावामागून उपचार येतात. लंडनच्या एडवर्ड टिल्ट ह्यांनी १८५७ साली ह्या ‘पालटा’वर अख्खे पुस्तक लिहिले, त्या काळी रक्त काढणे आणि अफू देणे हे सर्रास उपाय होते. पुढे १८९६ साली जर्मनीचे प्रसिद्ध मनोविकारतज्ज्ञ क्रेपेलिन ह्यांनी उतारवयातल्या विषण्णतेला वेगळा मनोविकार ठरवले. पुढे त्यांनी स्वतःच ते मत बदलले. पण शिक्का काही पुसला गेला नाही. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीतून तो गेला थेट १९८० साली. म्हणजे जवळजवळ चौऱ्याऐंशी वर्षे, पन्नाशीच्या बाईचे रडणे हे वेडाचे एक खाते होते.

मधल्या काळात रसायनशास्त्राने हात घातला. १९२३ साली अ‍ॅलन आणि डॉइझी ह्या अमेरिकन संशोधकांनी बीजकोशातल्या स्त्रीरसाचा माग काढला. १९२९ साली तो शुद्ध स्वरूपात हाती आला. आणि १९४२ साली गाभण घोड्यांच्या मूत्रातून काढलेल्या इस्ट्रोजेनच्या गोळ्या अमेरिकेच्या बाजारात आल्या. १९६६ साली रॉबर्ट विल्सन नावाच्या डॉक्टराने पुस्तक लिहून बायकांना चिरतारुण्याचे आमिष दाखवले. त्याला औषध कंपन्यांचा पैसा मिळत होता, हे मागाहून उघड झाले. १९७५ साली कळले की नुसत्या इस्ट्रोजेनने गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग वाढतो. मग जोडीला दुसरा रस दिला जाऊ लागला. २००२ साली १६,६०८ स्त्रियांवरचा मोठा प्रयोग मध्येच थांबवावा लागला, कारण स्तनाचा कर्करोग आणि पक्षाघात वाढलेले दिसले. जगभर बायकांनी घाबरून गोळ्या टाकल्या. पुढे बारकाईने पाहिल्यावर ध्यानात आले, की प्रयोगातल्या स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते. साठीच्या आतल्या, पाळी जाऊन दहा वर्षे न उलटलेल्या निरोगी बाईचा हिशेब निराळा. आधी देव्हारा, मग बहिष्कार, आणि शेवटी तारतम्य, असा हा प्रवास!

पण बाईचे मन केवळ रसायनावर चालत नाही. मार्शा फ्लिंट नावाच्या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी राजस्थान आणि हिमाचलातल्या ४८३ राजपूत स्त्रियांची पाहणी करून १९७५ साली निष्कर्ष छापला. त्यांच्यात पाळी जाण्याविषयी तक्रारी फार थोड्या! कारण पाळी गेली की पडदा सुटे, पुरुषांच्या बैठकीत बसता येई, मान वाढे. हा निष्कर्ष सगळ्यांना सरसकट लागू पडत नाही. पण त्यात तथ्य आहे. आपल्याकडेही ‘कावळा शिवणे’ संपले की बाईला स्वयंपाकघर बारा महिने मोकळे होई. सोवळे, देवपूजा, यात्रा, कशालाच आडकाठी नसे. ऋषिपंचमीचे उद्यापनही पुष्कळ घरांत तेव्हाच होई. निरोपाला निदान एक विधी होता.

तरीही त्या काळी सगळे आलबेल होते, असे मी म्हणणार नाही. माझी एक आत्या ह्याच वयात महिनोन्‌महिने झोपली नाही. घरात कुणी म्हणाले बाधा, कुणी म्हणाले नाटके; डॉक्टर म्हणाले, ‘मनाचे खेळ.’ ती देवघराच्या उंबऱ्याशी बसून राही आणि मला हळूच म्हणे, ‘अगं, मला राग येतो तो माझा नव्हेच.’ तिच्या ह्या वाक्याला तेव्हा घरात कुणापाशीच उत्तर नव्हते.

आज आहे. पाळी कायमची जाण्याआधीची काही वर्षे हे रस एकसारखे कमी होत नाहीत, ते हेलकावे खातात. आणि मनाला त्रास होतो तो पुष्कळसा ह्या हेलकाव्यांचा. त्यात रात्रीच्या घामाने झोप मोडते, आणि झोप मोडली की संताप कुणाचाही वाढेल. त्याच सुमारास मुले दूर जातात, सासूसासरे अंथरूण धरतात. बाळंतपणानंतर किंवा पाळीच्या आधी जिचे मन खचत असे, तिला अधिक जपावे लागते.

तेव्हा उपाय काय? रोज चालणे, झोपेची वेळ सांभाळणे, घाम आणणाऱ्या गोष्टी ओळखून टाळणे. विचारांना वळण लावणारी समुपदेशनाची पद्धत ह्या काळात उपयोगी पडते. २०१५ साली ब्रिटनच्या आरोग्यसंस्थेने रसोपचारांबरोबर तिचीही शिफारस केली. गोळ्यांचा निर्णय डॉक्टरांच्या सल्ल्याने, आपली प्रकृती पाहून घ्यावा. मात्र उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली, जगणे नकोसे वाटू लागले, तर ‘वयाचे आहे’ म्हणून बसू नये. तो आजार असतो आणि तो बरा होतो.

आणि घरातल्या माणसांनी? ‘बाधा’, ‘वेड’, ‘नाटके’ असे शिक्के ह्या बाईवर पुष्कळ मारून झाले. आता एक साधा प्रश्न तिला विचारावा: ‘काल रात्री झोप लागली का गं?’ आणि उत्तर येईपर्यंत तिच्याजवळ बसावे.