दहाचा आकडा आला कुठून?

व्यायामशाळेत नाव घातलं की पहिल्याच दिवशी आपल्या हाती एक हिशेब येतो : तीन सेट, प्रत्येकी दहा वेळा. दहाच का, असं विचारलं तर 'असंच करतात' याच्या पुढे उत्तर सहसा जात नाही. आज आपण त्या दहाचा माग काढू. तो आखाड्यातून आलेला नाही, इस्पितळातून आलेला आहे.

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरच्या काळात शिकागोच्या गार्डिनर जनरल हॉस्पिटलमध्ये जखमी सैनिकांची गर्दी होती. कित्येकांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया नीट झालेली, पण मांडीचा स्नायू वाळलेला. पाय भार घेईना आणि खाट रिकामी होईना. रूढ उपचार होता हलकं वजन आणि पुष्कळ आवर्तनं. दुबळ्या स्नायूला जपायला हवं, ही समजूत. थॉमस डिलॉर्म या तरुण लष्करी डॉक्टरला ते पटेना. लहानपणी संधिवाताच्या तापानं तो स्वतः कित्येक महिने अंथरुणात होता आणि पुढे वजनं उचलूनच त्यानं शरीर कमावलं होतं. त्यानं सैनिकांच्या पायाला लोखंडी बूट बांधले आणि वजन वाढवत नेलं. १९४५ साली त्यानं हे प्रसिद्ध केलं. त्याचं म्हणणं साधं होतं : थोडी आवर्तनं आणि जड वजन यांनी ताकद येते, पुष्कळ आवर्तनं आणि हलकं वजन यांनी दम येतो, आणि एकाचं काम दुसऱ्यानं होत नाही.

आपल्या तालमीतले शेकड्यांनी मोजले जाणारे जोर आणि बैठका या हिशेबात कुठे बसतात, तर दमाच्या बाजूला. कुस्ती लांबली तर तोच कामी येतो, म्हणून वस्तादांचं चुकत होतं असं कोणी समजू नये.

डिलॉर्मचं माप होतं 'दहाचं वजन' : जे दहा वेळा उचलता येतं, अकराव्यांदा नाही. सुरुवातीला तो असे सातेक सेट करून घेई. १९४८ मध्ये आर्थर वॉटकिन्सबरोबर त्यानं ते तीनवर आणले. पहिला सेट त्या वजनाच्या ५० टक्क्यांनी, दुसरा ७५ टक्क्यांनी, तिसरा पूर्ण वजनानं. म्हणजे खरी कसोटी एकच, आधीचे दोन अंग तापवायला! आपण मात्र तिन्ही सेट एकाच वजनानं करतो, आणि पुष्कळदा ते वजन पंधरा वेळाही सहज उचलता येईल असं असतं. आकडा उरला, माप गळून पडलं.

पुढे १९६२ मध्ये रिचर्ड बर्गर यांनी विद्यार्थ्यांचे नऊ गट केले. एक, दोन किंवा तीन सेट. दोन, सहा किंवा दहा आवर्तनं. बारा आठवड्यांनी बेंच प्रेसमध्ये सर्वांत पुढे गेला तो तीन सेट, सहा आवर्तनांचा गट. निव्वळ ताकदीसाठी दहापेक्षा कमी आवर्तनं बरी, हे तेव्हाच दिसलं होतं.

उरला प्रश्न स्नायूच्या आकाराचा, आणि तरुण मंडळींचा जीव अडकलेला असतो तो इथेच. आठ ते बारा हीच आकार वाढवणारी आवर्तनं, हे आपण सगळ्यांनी ऐकलेलं आहे. २०१२ मध्ये कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाच्या प्रयोगात एका पायाला कमाल वजनाच्या ८० टक्के, दुसऱ्याला फक्त ३० टक्के वजन दिलं. अट अशी, की पाय उचलेनासा होईपर्यंत थांबायचं नाही. तीन-तीन सेट करणारे दोन्ही पाय दहा आठवड्यांत जवळपास सारखेच भरले. ताकद मात्र जड वजनानं जास्त वाढली. म्हणजे आकारासाठी आवर्तनं सहा असोत की पंचवीस, सेट संपताना पुढची बरीच आवर्तनं जमण्यासारखी असली तर त्याचा उपयोग कमी.

गुडघ्याच्या शस्त्रक्रियेतून उठलेल्या माणसाला हे दिलासा देणारं आहे. जड वजन झेपत नसेल तरी स्नायू परत येतो; फक्त हलक्या वजनानं थकेपर्यंत करावं लागतं, आणि तेही डॉक्टरांना विचारून. डिलॉर्मच्या वॉर्डात तर दहाचं वजन दर आठवड्याला नव्यानं मोजलं जाई.