पाताळांतील धंदा आणि माणसाचा जीव

पुणें जिल्ह्यांतील मुळशीचें नांव निघतांच मराठी वाचकास दोन गोष्टी आठवतात : एक टाटांचें धरण व दुसरी त्या धरणाविरुद्ध १९२१ ते १९२४ या काळांत चाललेला शेतकऱ्यांचा सत्याग्रह. तिसरी गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. मुळा व निळा या नद्यांचें अडविलेलें पाणी सह्याद्रीच्या पोटांतून बोगद्यानें पश्चिमेस नेलें आहे व घाटाखालीं भिरा येथें सोडलें आहे. १९२७ पासून तेथील वीज मुंबईच्या कामीं येऊं लागली. पाण्याच्या अशाच शक्तीनें आपल्या देशांत त्याहून पाव शतक आधीं एक निराळाच उद्योग वाढीस लागला होता. १९०२ सालीं कावेरीवरील शिवसमुद्रम् येथील वीज तारांवाटे कोलारच्या सोन्याच्या खाणींस पोंचली. पंप, पाळणे व वायुवीजनाचे पंखे हे सारे विजेवर चालूं लागले आणि माणूस जमिनीच्या पोटांत पूर्वीं कधीं गेला नव्हता इतका खोल जाऊं लागला. तेथें त्याला काय भेटलें, तें समजून घेण्यासाठीं कोणीं कोणाशीं सहकार्य केलें, आणि त्या सहकार्यांत कोणास जागा मिळाली नाहीं, हा या लेखाचा विषय आहे.

१८८० सालीं लंडनच्या जॉन टेलर आणि मंडळीनें कोलारचें काम हातीं घेतलें. ‘चँपियन रीफ’ या नांवाची सोन्याची शीर तिरकी खालीं उतरत जाते. तिच्या मागोमाग खाणीहि उतरत गेल्या व अखेरीस तीन किलोमीटरांहून अधिक खोल पोंचल्या. एवढ्या खोलीवर केवळ वरच्या खडकाचा भार दर चौरस सेंटिमीटरास सुमारें ८०० किलो भरतो. खडकाची उष्णता साठ अंशांच्या वर जाते. अखंड खडक हा भार निमूटपणें वाहत असतो. पण त्यांतून सोन्याची शीर कोरून काढली कीं जो भार पोकळीच्या जागेवर होता तो तिच्या कडांवर येऊन पडतो. कडेचा खडक जितका कठीण व ठिसूळ, तितका तो न वांकतां अधिक ताण सांठवितो, आणि मग एका क्षणांत फुटतो.

कोलारला हे स्फोट एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जाणवूं लागले. धक्क्याबरोबर हवेचा जबरदस्त लोट येई, म्हणून त्यांना ‘एअर ब्लास्ट’ असें नांव पडलें. हें नांव फसवें होतें. कारण हवा हा परिणाम होता, कारण नव्हे. म्हैसूर संस्थानच्या भूगर्भशास्त्र खात्याचे डब्ल्यू. एफ. स्मीथ यांनीं १९०४ सालींच या स्फोटांवर व धक्क्यांवर स्वतंत्र पुस्तिका प्रसिद्ध केली. म्हणजे हा विषय शास्त्राच्या कक्षेंत फार लवकर आला होता. परंतु एकट्यादुकट्याच्या निरीक्षणानें तो सुटणारा नव्हता. एका खाणीच्या मालकास आपल्याच खाणीचे स्फोट ठाऊक. शेजारच्या खाणींत काय घडलें याची त्याला ऐकीव माहिती. खडक मात्र पट्ट्यांच्या सीमा मानीत नाहीं. एका खाणींत कोरलेल्या पोकळीचा ताण दुसरीच्या भिंतींवर येऊं शकतो.

मालकांनीं या प्रश्नाकडे लक्ष दिलें तें केवळ दयाबुद्धीनें, असें म्हणतां येणार नाहीं. स्फोटानें माणसें मरत, त्याचप्रमाणें वाटा बुजत, पाळण्यांचे कूप वांकत आणि हातातोंडाशीं आलेलें सोनें कायमचें गाडलें जाई. उथळ खाणींत सुरक्षितता हा खर्च वाटतो. खोल खाणींत ती नसेल तर मालहि वर येत नाहीं. म्हणून कोलारला पोकळीच्या आधारासाठीं ग्रॅनाइटच्या दगडांच्या भिंती रचीत, व पुढें १९५० नंतरच्या काळांत काँक्रीटचा आधार आला.

हाच अनुभव दक्षिण आफ्रिकेंत अधिक मोठ्या प्रमाणावर आला. विटवॉटर्सरँड येथें १८८६ सालीं सोनें सांपडलें आणि अवघ्या बावीस वर्षांत, १९०८ सालीं, जोहान्सबर्ग नगरीस बसणाऱ्या भूकंपासारख्या धक्क्यांची चौकशी करण्यास समिति नेमावी लागली. १९१५ व १९२४ सालीं आणखी समित्या झाल्या. पण समिति साक्षी घेते. ती खडकाला प्रश्न विचारूं शकत नाहीं. तें काम १९६० च्या सुमारास नेव्हिल कुक व त्यांचे सहकारी यांनीं केलें. त्यांनीं खाणीच्या आंतच कंपनें टिपणारीं यंत्रें बसविलीं व प्रत्येक धक्क्याचें उगमस्थान शोधलें. बहुतेक धक्के जेथें खोदकाम पुढें सरकत होतें तेथेंच उगम पावत होते. त्यांतून असा हिशेब निघाला कीं, पोकळीचें छत व तळ जितके जवळ येतात तितकी ऊर्जा मोकळी होते. तेव्हां भराव घालून किंवा ठराविक अंतरावर अस्पर्शित खांब राखून तें जवळ येणें रोखलें पाहिजे. खांब राखणें म्हणजे त्यांतलें सोनें सोडून देणें. किती सोनें सोडल्यानें किती सोनें व किती जीव वांचतात, हें गणित प्रथमच मांडतां येऊं लागलें.

परंतु असें ज्ञान कशाच्या मोलानें मिळतें हें २१ जानेवारी १९६० रोजीं कोलब्रुकच्या कोळशाच्या खाणींत दिसलें. राखलेले खांब दुबळे ठरून खाण कोसळली व ४३५ माणसें आंत गाडलीं गेलीं. त्यांचीं प्रेतेंहि वर काढतां आलीं नाहींत. डिसेंबरांतच खाणीचा एक भाग ढासळला होता, तरी काम चालू राहिलें. प्रत्यक्ष अपघाताच्या दिवशीं कांहीं कामगार भिऊन बाहेरच्या वाटेकडे धांवले असतां त्यांना परत कामावर धाडण्यांत आलें. या आघातानंतर सरकार व खाणमालक यांनीं मिळून संशोधन आरंभिलें. सॅलॅमन व मन्रो यांनीं १९६७ सालीं शाबूत राहिलेल्या ९८ व कोसळलेल्या २७ खाणभागांचीं मापें तपासून खांबाच्या बळाचें सूत्र बसविलें. तें सूत्र आज अनेक देशांत वापरतात. त्या २७ उदाहरणांवांचून तें बसलें नसतें, हें विसरतां कामा नये.

कोलारची कथा याहून करुण आहे. १९५६ सालीं म्हैसूर सरकारनें खाणी ताब्यांत घेतल्या व १९६२ सालीं त्या केंद्र सरकारकडे आल्या. १९७८ सालीं मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राच्या सहकार्यानें चँपियन रीफ खाणींत कंपनें टिपण्याची यंत्रमालिका उभी राहिली. अणूच्या क्षेत्रांतील शास्त्रज्ञ व खाणकरी एका प्रश्नावर एकत्र आले. १९८८ सालीं तेथेंच राष्ट्रीय खडक-यांत्रिकी संस्था निघाली. पण शास्त्र पाहण्याइतकें डोळस झालें तोंवर सोन्याची शीर विरळ होत चालली होती. २८ फेब्रुवारी २००१ रोजीं खाणी बंद झाल्या. खाण संपली, पण तिनें शिकविलेलें शास्त्र उरलें. आज तें धरणांच्या व जलविद्युत् केंद्रांच्या बोगद्यांस उपयोगी पडतें.

दक्षिण आफ्रिकेंत मात्र सोनें अद्याप खोलवर शिल्लक होतें. म्हणून १९९८ सालीं खाणकंपन्या, सरकारी संशोधनसंस्था व विद्यापीठें यांनीं एकत्र येऊन ‘डीपमाइन’ नांवाचा संशोधनक्रम आंखला. तीन ते पांच किलोमीटर खोलीवर सुरक्षितपणें व फायद्यानें कसें खोदावें, हा त्याचा उघड हेतु होता. यांत नवल वाटण्यासारखें कांहीं नाहीं; नवल आहे तें त्याच्या दोन वर्षें आधीं झालेल्या कायद्यांत. १९९६ च्या त्या कायद्यानें सुरक्षिततेच्या मंडळावर सरकार व मालक यांच्या जोडीस कामगारांचे प्रतिनिधि बसविले, आणि जागा धोक्याची वाटल्यास तेथून निघून जाण्याचा हक्क कामगारास दिला. कोलब्रुकच्या वाटेवरून ज्यांना परत धाडलें, त्यांना जो हक्क नव्हता तो हाच.

येथें मुळशीची आठवण पुन्हां होते. सेनापति बापट व त्यांचे सहकारी यांचा झगडा विजेशीं किंवा यंत्राशीं नव्हता. ज्यांचीं शेतें बुडणार त्यांची संमति कोणी मागितली, एवढाच त्यांचा सवाल होता. ‘जान किंवा जमीन’ ही त्यांची घोषणा होती. धरणामागें भांडवल व अभियंत्यांचें ज्ञान यांचें उत्तम सहकार्य होतें, सरकारचा कायदाहि पाठीशीं होता. त्या सहकार्यांत मावळा शेतकरी मात्र कोठेंच नव्हता. कोलारच्या खाणींतहि दीर्घकाळ तसेंच होतें. खडक कुरकुरूं लागला कीं तो प्रथम ऐकतो तो आंत उतरलेला मजूर. पण त्याचें ऐकणें शास्त्राच्या वहींत बहुधा अपघातानंतर, मृतांच्या आंकड्यांच्या रूपानें येई.

नफा व सुरक्षितता यांचें हित खोल जमिनींत पुष्कळ अंशीं एकच असतें, हें शतकभराच्या संशोधनानें सिद्ध केलें आहे. पण पुष्कळ अंशीं म्हणजे सर्वांशीं नव्हे. जेथें दोहोंची फारकत होते, जेथें आणखी एक खांब कोरला तर सोनें मिळेल व बहुधा कांहीं होणार नाहीं, तेथें निर्णय सूत्रावर सोंपवून भागत नाहीं. त्या वेळीं विचारविनिमयास खांबाखालीं उभा राहणारा माणूस बसलेला असला पाहिजे. तो नसेल तर यंत्रें कितीहि सूक्ष्म असोत, तें सहकार्य अपुरें आहे.