पारदर्शक अलाइनर

पारदर्शक अलाइनर हे वाकडे, विरळ किंवा दाटीने आलेले दात सरळ करण्यासाठी वापरले जाणारे, काढता-घालता येणारे प्लॅस्टिकचे आवरण होय. धातूच्या तारांप्रमाणे (ब्रेसेस) ते चटकन नजरेस येत नसल्याने प्रौढ रुग्णांमध्ये विशेष प्रचलित आहे.

इतिहास

हॅरोल्ड केसलिंग या अमेरिकन दंतवैद्याने १९४५ मध्ये दात किंचित सरकवणारे रबरी उपकरण मांडले. १९९७ मध्ये कॅलिफोर्नियात स्थापन झालेल्या अलाइन टेक्नॉलॉजी या कंपनीने संगणकाच्या साहाय्याने अलाइनरची मालिका बनवण्याची पद्धत विकसित केली.

कार्यपद्धती

दातांच्या त्रिमितीय प्रतिमेवरून टप्प्याटप्प्याचे अलाइनर तयार केले जातात. प्रत्येक अलाइनर दात साधारणतः ०.२५ मिलिमीटरपर्यंत सरकवतो. दाबाच्या बाजूचे हाड विरघळते, तर विरुद्ध बाजूस नवे हाड तयार होते. अलाइनर दररोज २० ते २२ तास वापरून एक-दोन आठवड्यांनी बदलावा लागतो. जेवताना व दात घासताना तो काढतात.

मर्यादा

उपचाराचे यश रुग्णाच्या नियमितपणावर अवलंबून असते. अलाइनर पुरेसा वेळ न घातल्यास दात ठरल्याप्रमाणे सरकत नाहीत. गोलाकार दात फिरवणे किंवा दात हिरडीतून बाहेर ओढणे अलाइनरला अवघड जाते. प्रौढांमध्ये जबड्याची वाढ पूर्ण झालेली असल्याने जबड्यांतील मोठी विसंगती दूर करण्यास शस्त्रक्रिया लागू शकते. हिरड्यांचा आजार असल्यास तो आधी आटोक्यात आणणे आवश्यक असते. अन्यथा दात सैल होण्याचा धोका वाढतो. उपचारानंतर दात मूळ जागी परतू नयेत म्हणून रिटेनर वापरावा लागतो.

इतर पर्याय

दाताच्या रंगाचे सिरॅमिक ब्रेसेस आणि दातांच्या आतील बाजूस बसवले जाणारे ब्रेसेस हे इतर कमी दिसणारे पर्याय आहेत.